खलनायक एक, माणसं आठ: ‘लेजेंड्स ऑफ टुमॉरो’ची दुसऱ्या सीझनमधली डागडुजी

(दोन्ही सीझनचे शेवट पुढे उघड केले आहेत. रायटर्स रूममध्ये कोण काय म्हणालं यात शिरलेलो नाही. पडद्यावर जे दिसलं, त्यावरूनच हे निदान केलं आहे.)

पार्श्वभूमी

‘द सीडब्ल्यू’ या अमेरिकन वाहिनीवर २१ जानेवारी २०१६ ला ‘डीसीज लेजेंड्स ऑफ टुमॉरो’ सुरू झाली. त्याच वाहिनीवरच्या ‘अ‍ॅरो’ आणि ‘द फ्लॅश’ या सुपरहिरो मालिकांमधली बाजूची पात्रं उचलायची, एका टाइमशिपवर बसवायची आणि इतिहासात सोडून द्यायची, असा हा बेत होता. चित्रीकरण व्हँकूव्हरला. पहिल्या सीझनसाठी आधी १३ भाग ठरले होते, नंतर तीन वाढवून १६ झाले.

गोष्ट अशी. सन २१६६ मध्ये व्हँडल सॅव्हेज नावाच्या अमर माणसाने जग जिंकलंय आणि रिप हंटर या ‘टाइम मास्टर’ची, म्हणजे इतिहासाची राखण करणाऱ्या संस्थेतल्या माणसाची, बायको आणि मुलगा सॅव्हेजच्या हातून मेलेत. रिप आपल्या वरिष्ठांना न जुमानता ‘वेव्हरायडर’ हे जहाज घेऊन २०१६ मध्ये येतो आणि आठ जणांना गोळा करतो. त्यात रे पामर (अ‍ॅटम) आणि सारा लान्स आहेत. मार्टिन स्टाइन आणि जेफरसन जॅक्सन हे दोघे मिळून फायरस्टॉर्म हा आग फेकणारा एकच सुपरहिरो होतात. केंड्रा आणि कार्टर म्हणजे हॉकगर्ल आणि हॉकमॅन. शिवाय लिओनार्ड स्नार्ट आणि मिक रोरी हे दोन सराईत चोर. जेफरसन यायला तयार नसतो, तर प्राध्यापक असलेले स्टाइन त्याला गुंगीचं औषध देऊन जहाजावर चढवतात. मालिका पुढे कोणत्या वळणाला लागणार, याची चुणूक खरं तर तिथेच होती. पण तेव्हा ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही, लिहिणाऱ्यांनीसुद्धा.

‘तुम्ही भविष्यातले लेजेंड आहात’ असं सांगून रिप त्यांना आणतो. पहिल्याच भागात त्याचं बिंग फुटतं: ही माणसं निवडली, कारण ती नसली तरी इतिहासाला काही फरक पडत नाही. मालिकेचं सगळ्यात मोठं भांडवल हे होतं. आणि पहिल्या सीझनने ते जवळजवळ पडून ठेवलं.

अडचण नेमकी कुठे होती

वरवर पाहता तक्रार एकच होती, सॅव्हेज कंटाळवाणा आहे. पण नट बदलून किंवा संवाद सुधारून सुटेल असा हा प्रश्न नव्हता, कारण तो मांडणीतच होता.

खलनायक एक आणि तो अमर. १९७५ पासून पाठलाग सुरू, पुढे १९८६ चा सोव्हिएत तुरुंग, १९५८ चं ओरेगन, मग २१६६ चं लंडन. काळ कोणताही असो, कामाचं स्वरूप तेच: सॅव्हेज शोधा, त्याला गाठा आणि तो निसटलेला बघा. सोळा भागांची मालिका एका माणसाच्या मागे धावत असेल, तर त्याला पंधरा वेळा तरी निसटू द्यावंच लागतं. दर वेळी त्याचं निसटणं हुशारीचं दाखवता येत नाही. मग नायकांनाच थोडं बावळट करावं लागतं, आणि प्रेक्षक ते बरोबर ओळखतो.

दुसरी गाठ नियमाची. सॅव्हेजला फक्त केंड्राच मारू शकते, आणि तेही तिच्या नि कार्टरच्या पहिल्या मृत्यूच्या वेळी जवळ असलेल्या वस्तूने. प्राचीन इजिप्तमध्ये तिघांचं नशीब एकत्र बांधलं गेलं, केंड्रा आणि कार्टर पुन्हा पुन्हा जन्माला येतात, सॅव्हेज त्यांना पुन्हा पुन्हा मारतो. ऐकायला भव्य वाटतं. पण या एका नियमाने जहाजावरची बाकीची सगळी माणसं निकामी झाली. साराची तलवार, रेचा सूट, स्नार्टची शीतबंदूक, फायरस्टॉर्मची आग, शेवटच्या घावासाठी कशाचाच उपयोग नाही. सगळे मिळून केंड्राला दारापर्यंत पोचवणारे भोई झाले.

तिसरी अडचण साध्या गणिताची. जाहिराती वगळल्या तर एक भाग साधारण ४२ मिनिटांचा. दुसऱ्याच भागात कार्टर मारला जातो, म्हणून रिप धरून जहाजावर उरले आठ. समान वाटणी केली तर माणशी जेमतेम पाच मिनिटं, त्यातच लढाई, त्यातच स्पष्टीकरण. शिवाय केंड्राच्या वाट्याची मिनिटं मागच्या जन्मांच्या आठवणीत आणि रे की कार्टर या पेचात संपत. केंड्रा स्वतः कोण आहे, तिला काय आवडतं, तिला कशाचं हसू येतं, हे सोळा भाग पाहूनही सांगता येत नाही.

हे सगळं एकाच जागी पाहायचं असेल तर तेरावा भाग, ‘लेव्हायथन’ काढा. टोळी २१६६ मध्ये पोचली आहे. सॅव्हेजच्या मुलीच्या हातात केंड्राच्या पहिल्या जन्मातलं कंकण सापडतं. रे ते वितळवून कार्टरच्या गदेवर चढवतो. केंड्रा सॅव्हेजला गाठते, जमिनीवर लोळवते, गदा उगारते, आणि थांबते. कारण कार्टर पुन्हा जन्मून सॅव्हेजचाच सैनिक झाला आहे, त्याचं डोकं धुतलेलं आहे, आणि सॅव्हेज मेला तर त्याच्या आठवणी परत आणणारं कुणी उरणार नाही. मग जगाचा हुकूमशहा जिवंत पकडून जहाजाच्या कोठडीत ठेवला जातो. पुढच्या भागात तो सुटतो, हे सांगायला नकोच.

केंड्राची घालमेल खोटी नाही. पण बारा भाग ज्या क्षणाची वाट पाहायला लावली, तो हातात आल्यावर सोडून द्यायचा तर त्यासाठी लागणारं कारण कार्टरमध्ये असायला हवं होतं. कार्टर आपण पाहिला दोन भाग. त्याच्यासाठी जग पणाला लावावं इतकी त्याची आणि प्रेक्षकाची ओळखच झाली नव्हती.

समोर कोणते पर्याय होते

११ मार्च २०१६ ला, पहिला सीझन अर्ध्यावर असतानाच, दुसऱ्याला मंजुरी मिळाली. म्हणजे शेवटचे भाग दाखवले जात असताना पुढची वाट ठाऊक होती. तेव्हा ढोबळमानाने चार मार्ग मोकळे होते.

पहिला: सॅव्हेजहून मोठा, आणखी बलाढ्य एकच खलनायक. सोपा मार्ग, आणि रोग तसाच. दुसरा: दर सीझनला नवं जहाज, नवी माणसं. कल्पना मांडणीला धरून होती, पण सारा, मिक आणि रे यांच्यात जी मजा सोळाव्या भागापर्यंत जमत आली होती ती फेकून द्यावी लागली असती. तिसरा: मोठी गोष्टच टाकून द्यायची, दर भागात वेगळा काळ आणि वेगळं संकट. यात सैलपणा येतो, आणि या वाहिनीचा प्रेक्षक सीझनभराच्या धाग्याला सरावलेला होता.

चौथा मार्ग म्हणजे माणसं बव्हंशी तीच ठेवायची, पण त्यांना करायचं काम बदलायचं. निवडला गेला तो हा. त्यात तिसऱ्याचा थोडा अंशही मिसळला.

काय केलं

आधी निरवानिरव. पंधराव्या भागात स्नार्ट स्वतःचा जीव देऊन टाइम मास्टर्सचं ‘ऑक्युलस’ हे यंत्र उडवतो. त्यामुळे वरून हुकूम देणारी संस्थाच संपली. सोळाव्यात सॅव्हेजला १९५८, १९७५ आणि २०२१ अशा तीन काळांत एकाच वेळी मारलं जातं (अमर माणसाला तीनदा मारून खात्री करून घेतली, हे ठीकच). केंड्रा आणि कार्टर उडून जातात. टाइम मास्टर्स गेल्यामुळे इतिहासाची राखण करायला कुणी उरलं नाही, आणि ते काम या बिनकामाच्या माणसांच्या गळ्यात आलं. मालिकेला अखेर नोकरी लागली.

या नोकरीतून दर भागाची सुरुवात आपोआप मिळाली. इतिहासात कुठेतरी ‘अ‍ॅबरेशन’ होतं, म्हणजे जे घडायला नको ते घडतं. जहाजाची संगणकीय सोबतीण गिडियन ते दाखवते आणि टोळी निघते. १६४१ चा जपान, १८६३ चं मिसिसिपी, १८७४ चं कोलोरॅडो, १९२७ चं शिकागो. आता काळ हा पडदा राहिला नाही, त्या काळातलं बिघडलेलं काहीतरी दुरुस्त करणं हीच गोष्ट झाली. सॅव्हेजच्या शोधात १९७५ ऐवजी १९७२ ला गेलं असतं तरी काही अडलं नसतं. शिकागोत अल कपोनला तुरुंगात धाडायचं असेल तर १९२७ च लागतं.

दुसरा निर्णय अधिक धाडसाचा. १३ ऑक्टोबर २०१६ ला सीझन सुरू झाला, आणि पहिल्याच भागात रिपला बाजूला केलं. १९४२ च्या न्यू यॉर्कवर येणारा अणुबॉम्ब अडवताना तो बाकीच्यांना वेगवेगळ्या काळांत पाठवून देतो आणि स्वतः गायब होतो. मालिका ज्याच्या सूडाने सुरू झाली तो माणूस सूड पुरा झाल्यावर जहाजावर नुसता बसून राहिला असता. कप्तान झाली सारा. रिप सूचना द्यायचा, सारा भांडायची. आता सूचना देण्याची वेळ तिच्यावर आली, आणि भांडायला मिक होताच.

रिकाम्या जागांवर दोन माणसं आली. नेट हेवूड हा इतिहासकार, पुढे पोलादी अंगाचा सिटिझन स्टील. इतिहासात फिरणाऱ्या जहाजावर सोळा भाग एकही इतिहासकार नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं असावं. लेखनाच्या दृष्टीने त्याचा उपयोग रोकडा: जी माहिती रिप गंभीर चेहऱ्याने सांगायचा, ती नेट उत्साहाच्या भरात, चुकत-माकत सांगतो, आणि स्पष्टीकरणाचाच प्रसंग होतो. दुसरी अमाया जीवे, म्हणजे १९४२ ची व्हिक्सन. तिला परत जाऊन संसार करायचाय, नाहीतर तिची नात जन्मणार नाही.

आता खलनायक. एका सॅव्हेजच्या जागी तिघे: इओबार्ड थॉन, डेमियन डार्क, माल्कम मर्लिन, आणि पुढे आधीच्या काळातून उचललेला स्नार्ट. तिघांनाही ‘स्पिअर ऑफ डेस्टिनी’ हा भाला हवाय, ज्याने वास्तवच बदलता येतं. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि एका वाक्यात सांगता येण्याजोगं. डार्कला स्वतःचं ठरलेलं मरण टाळायचंय. मर्लिनला गमावलेलं परत हवंय. थॉनचा पूर्वज वंश पुढे जाण्याआधीच मेलाय, त्यामुळे थॉन मुळात असायलाच नको, आणि ते त्याला पुसून टाकायचंय.

थॉनची हाताळणी नीट पाहण्यासारखी आहे. विजेच्या वेगाने धावणारा खलनायक लिहायला अवघड. तो खोलीत शिरला की समोरच्यांचा खेळ सेकंदात खलास. तरी नायक वाचतात, म्हणजे पुन्हा त्याला बावळट करावं लागणार. इथे तोड काढली ती अशी: असायला नको असलेल्या धावपटूंना संपवणारा ब्लॅक फ्लॅश थॉनच्या मागावर आहे, म्हणून त्याला एका जागी फार वेळ थांबता येत नाही. बाजी हातात आली असतानाच त्याला पळावं लागतं. दहावा भाग जवळपास सगळा खलनायकांच्या बाजूने सांगितला आहे. त्यात डार्क आणि मर्लिनला हे गुपित उमगतं आणि ते ब्लॅक फ्लॅशला स्विस बँकेच्या तिजोरीत अडकवतात. शेवटच्या भागात थॉनचा हिशेब चुकता करतो तो हाच ब्लॅक फ्लॅश. सॅव्हेजच्या नियमाने नायकांचे हात बांधले होते, थॉनच्या नियमाने खलनायकाचे पाय बांधले. एकाच लेखनयुक्तीची ही दोन टोकं.

भाला एकसंध ठेवला असता तर पुन्हा पाठलागच झाला असता. म्हणून त्याचे तुकडे वेगवेगळ्या काळांत लपवले. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पूर्ण भाग, आणि त्या भागापुरती जीत किंवा हार. एक तुकडा चंद्रावरच्या झेंड्यात निघतो, म्हणून टोळी १९७० च्या अपोलो १३ मध्ये घुसते. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातल्या लोकांचं लक्ष वेधून ठेवायला स्टाइन चक्क गाणं म्हणायला लागतात. पहिल्या सीझनमध्ये असा प्रसंग चालला नसता.

एक भाग जवळून: १९६७

नववा भाग लॉस एंजेलिसमध्ये, १९६७ साली. भाल्याचा तुकडा एका विद्यार्थी-चित्रपटाच्या सेटवर प्रॉप म्हणून वापरला जातोय. तिथे काम करणारा तरुण आहे जॉर्ज लुकास. खलनायकांच्या हल्ल्याने तो इतका घाबरतो की सिनेमाचा नाद सोडून द्यायचं ठरवतो.

पहिल्या सीझनच्या हिशेबाने ही किरकोळ गोष्ट, जग काही बुडत नाही. पण लुकासचे सिनेमे झालेच नाहीत, तर लहानपणी ते पाहून रे शास्त्रज्ञ झालेला नाही आणि नेट इतिहासकार झालेला नाही. जहाजावर दोघांच्या डोक्यातून त्यांची विद्या गळायला लागते. संकट किती मोठं, याचं माप दोन मित्रांवरून दिसतं, त्यासाठी बेचिराख शहराचं दृश्य लागत नाही. मग दोघांना आपल्याच देवाची समजूत काढायला जावं लागतं. सगळे कचराभट्टीच्या दाबयंत्रात अडकतात, आणि लुकासला पुढे काय सुचणार हे प्रेक्षकाला आपसूक कळतं.

त्याच सेटवर दिग्दर्शक म्हणून वावरणारा माणूस म्हणजे स्मृती गेलेला रिप. त्याला परत आणण्यासाठी यापेक्षा चांगली जागा सापडली नसती.

निष्पत्ती

आधी ठरलेल्या १३ मध्ये चार भागांची भर पडून सीझन १७ भागांचा झाला आणि ४ एप्रिल २०१७ ला संपला. मधल्या काळात तो गुरुवारवरून मंगळवारी हलवला गेला होता. समीक्षकांचा सूर पहिल्या सीझनपेक्षा स्पष्टच अनुकूल झाला, आणि मालिका सात सीझन, ११० भाग चालून २०२२ मध्ये बंद झाली.

पुढची मोकळीक इथूनच आली. चौथ्या सीझनमध्ये जेन ऑस्टिनच्या इंग्लंडात कामदेव अवतरतो आणि बॉलिवूडच्या धर्तीवर नाचगाणं होतं. आपल्याकडच्या प्रेक्षकाने ते पाहून हसावं की कपाळाला हात लावावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण सॅव्हेजच्या मागे धावणाऱ्या जहाजावर ते शक्यच नव्हतं.

मिकचं उदाहरणही इथेच नोंदवायला हवं. पहिल्या सीझनमध्ये त्याने टोळीला दगा दिला होता आणि टाइम मास्टर्सनी त्याला आपला शिकारी बनवलं होतं. दुसऱ्यात सगळे त्याला आडदांड हमाल समजून वागवतात, आणि पंधराव्या भागात तो भाला स्नार्टच्या बाजूला देऊन टाकतो. धक्का बसतो, पण मागचे भाग आठवले तर नवल वाटत नाही. जुन्या मालातून नवी गोष्ट उभी राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

केंड्राला काढणं हा सोपा उपाय होता. दोष तिच्या पात्रात नव्हता, तिच्या भोवती रचलेल्या नियमात होता. सॅव्हेज गेला म्हणजे नियम गेला. त्याच वेळी जन्मोजन्मीच्या नात्यातून मोकळी झालेली केंड्रा जहाजावर ठेवली असती, तर ती कोण आहे हे पहिल्यांदाच लिहायला मिळालं असतं. अमायाला नशिबाचं जे ओझं दिलं, ते बरंचसं केंड्राचंच उतरवून दिलेलं आहे.

१८६३ चा भागही खटकतो. जेफरसन मिसिसिपीच्या मळ्यात गुलामगिरी डोळ्यांनी पाहतो, आणि त्याच ४२ मिनिटांत झोंबींचा हल्लाही आहे. दोन्हीपैकी एकच घ्यायला हवं होतं. जेफरसनचे प्रसंग इतके ताकदीचे आहेत की झोंबी आले की रसभंग होतो. चेष्टेखोर सूर सापडल्यावर तो कुठे आवरायचा, हे अजून ठरलेलं नव्हतं.

रिपचं काय करायचं, ते सीझनभर सुटलंच नाही. गायब, मग विस्मृत, मग डोकं धुतलेला शत्रू, मग परत मित्र. चार अवस्था झाल्या, पण जहाजावर त्याची गरज कुठेच निर्माण झाली नाही. अखेर तो स्वतःच निघून जातो. हे नवव्या भागातच करता आलं असतं: स्मृती परत येते, पण माणूस सिनेमातच रमतो.

आणि शेवट. पहिल्या सीझनपासून घोकलेला नियम असा की ज्या घटनेत तुम्ही होतात तिथे पुन्हा जायचं नाही. अखेरच्या भागात टोळी १९१६ मध्ये परत जाते आणि स्वतःलाच भेटते. भाला हातात आल्यावर साराला मेलेली बहीण लॉरेल दिसते, तिला परत आणणं शक्य असतं, आणि सारा त्याऐवजी भाल्याची शक्तीच संपवते. ‘लेव्हायथन’मध्ये केंड्राने जे केलं त्याच्या नेमकं उलट. इथे थांबणं पटतं, कारण साराचं दुःख आपण मुरताना पाहिलेलं असतं. नियम मोडल्याची शिक्षा मात्र सीझनच्या हिशेबात आलीच नाही. जहाज २०१७ च्या लॉस एंजेलिसमध्ये उतरतं तेव्हा रस्त्यावर डायनोसॉर फिरत असतात, आणि ते निस्तरण्याचं बिल तिसऱ्या सीझनच्या नावावर फाडलं जातं.